तिच्या हातात कविता की हिशेब?

मैत्रिणींनो, आज एका चित्राविषयी लिहिते आहे. चित्र आमच्या फ्रीजवरच आहे, त्यामुळं फार लांब जायचं नाही. लेक इटलीला गेली होती तेव्हा तिनं नेपल्सच्या संग्रहालयातून हे चुंबक आणलं. त्याच्याखाली भाजीची यादी अडकवलेली असते, म्हणून दिवसातून दहा वेळा तरी या बाईची आणि माझी नजरानजर होते.

गोल चित्र. त्यात एक तरुण बाई, छातीपर्यंतच दिसणारी. कपाळावर बारीक कुरळे केस, डोक्यावर सोन्याच्या तारांची जाळी, कानांत सोन्याच्या रिंगा. डाव्या हातात पातळ लाकडी पाट्यांची जुडी, उजव्या हातात टोकदार लेखणी, आणि त्या लेखणीचं टोक ओठांना टेकवलेलं. डोळे मोठे आणि सरळ आपल्याकडंच वळलेले. पण ती आपल्याला बघत नाही, काहीतरी आठवते आहे. दूधवाल्याचे खाडे दोन झाले की तीन, हे आठवताना आपणही पेन असंच ओठाला लावतो की नाही?

चुंबकावर खाली नाव छापलंय, ‘साफो’.

साफो म्हणजे ग्रीक कवयित्री. लेस्बॉस बेटावरची, इसवी सनापूर्वी सहाशेच्या आसपासची. आणि हे चित्र आहे पॉम्पेई गावातलं. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि ते अख्खं गाव राखेखाली गाडलं गेलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. १७४८ मध्ये तिथं खणायला सुरुवात झाली आणि १७६० मध्ये एका घराच्या भिंतीवर हे जेवणाच्या ताटाएवढं चित्र सापडलं. भिंतीतून ते कापून काढलं. नाव, गाव, काही लिहिलेलं नव्हतं. बघणाऱ्यांनी बघितलं की बाई आहे, हातात लेखणी आहे, विचारात पडली आहे. म्हणजे कवयित्रीच! आणि जुन्या काळातली कवयित्री म्हटल्यावर साफोशिवाय दुसरं नाव कुणाच्या तोंडात येणार? तेच चिकटलं. साफो जाऊन साडेसहाशे वर्षं झाली होती, याचं कुणाला काही नाही.

आता अभ्यासक म्हणतात की ही साफो नाही. केसांची ठेवण त्या काळच्या रोमन बायकांच्या चालीची आहे, दागिने श्रीमंतीचे आहेत, म्हणजे गावातल्याच कुठल्यातरी बऱ्या घरातली ही बाई असावी. आणि तिच्या हातातल्या त्या पाट्या? त्या मेणाच्या पाट्या. लाकडाच्या पाटीला मधोमध उथळ खाच करून त्यात मेण ओतायचं आणि टोकदार लेखणीनं त्यावर कोरून लिहायचं. लेखणीचं दुसरं टोक चपटं, त्यानं मेण सपाट केलं की लिहिलेलं पुसलं. (मेण मधमाशांचं. आपल्याला ते हातात धरवलं नसतं, पण तो विषय वेगळा.) अशा दोनचार पाट्या दोरीनं एकत्र बांधल्या की झाली वही. शाळेतली मुलं त्यावर अक्षरं गिरवायची, कवीही कच्चं लिहायला वापरत असतील, पण रोजच्या जगात त्या पाट्या होत्या देण्याघेण्याच्या. पावत्या, करार, घरखर्च, कर्जाची कागदपत्रं. मोठा ग्रंथ लिहायचा तर पपायरसची गुंडाळी.

हे वाचलं आणि मला ही बाई एकदम आपली वाटायला लागली. माझी पदवी बी.कॉम.ची. चाळीस वर्षं तिचा उपयोग झाला तो किराण्याचं बिल तपासायला आणि भिशीचा हिशेब ठेवायला. मला कवयित्रीशी काय बोलायचं ते सुचलं नसतं, पण हिशेब लिहिणारीशी सुचेल.

त्याच पॉम्पेईत १८७५ मध्ये एका घरात लाकडी पेटी सापडली. घर युकुंदुस नावाच्या माणसाचं. बँकर म्हणतात त्याला, पण त्याचा धंदा वाचला तर आपल्या भाषेत तो अडत्या. लोकांचा माल लिलावात विकून द्यायचा, स्वतःचं कमिशन कापायचं, उरलेली रक्कम मालकाला द्यायची आणि पावती करून घ्यायची. पेटीत अशा दीडशेहून जास्त पाट्या होत्या. मेण कधीच गेलेलं, पण लेखणीचे ओरखडे खालच्या लाकडात उतरले होते, त्यावरून मजकूर वाचता आला. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आयुष्यभर कोल्हापुरात गुळाच्या अडतीवर दिवाणजी म्हणून काम केलं. ते असते तर त्यांना मी हे वाचून दाखवलं असतं. दोन हजार वर्षांपूर्वीची अडत! त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, “अडत किती टक्के घ्यायचा?”

त्या पावत्यांत बायकांचीही नावं आहेत. इ.स. ५६ मधली एक पावती उम्ब्रिकिया यानुआरिया नावाच्या बाईची. तिला लिलावाचे ११,०३९ सेस्टर्स येणं होतं, त्यातून युकुंदुसचं कमिशन वजा जाता बाकी तिला पोचली. रक्कम लहान नाही. पण पावतीवर हात दुसऱ्याच माणसाचा. तिच्या सांगण्यावरून मी लिहितो आहे, असं त्या पुरुषानं लिहून ठेवलंय. पैसा बाईचा, सही दुसऱ्याची. रोमन कायद्यात बायकांच्या नावे मालमत्ता असायची, पण बऱ्याच व्यवहारांना पालक म्हणून पुरुषाची संमती लागायची. तीन मुलं झालेल्या स्वतंत्र घराण्यातल्या बाईला मात्र त्यातून सूट होती. तीन बाळंतपणं म्हणजे सहीचा अधिकार. हसावं की काय करावं कळत नाही.

त्याच गावचं दुसरं एक चित्र आहे, नवराबायकोचं. बेकरीला लागून असलेल्या घरात ते सापडलं. दोघं शेजारीशेजारी उभी. त्याच्या हातात पपायरसची गुंडाळी, तिच्या हातात मेणाच्या पाट्या, आणि तिचीही लेखणी हनुवटीजवळ नेलेली. म्हणजे लेखणी तोंडाजवळ नेणं ही फोटोतली पोझच झाली की! आपल्याकडं पूर्वी फोटोग्राफर हनुवटीखाली बोट ठेवायला सांगायचे तशी. म्हणून काहीजण म्हणतात की यावरून बाई लिहायची असं धरू नका. आमच्या घरातली बाई शिकलेली आहे एवढं पाहुण्यांना दाखवायला चित्रकारानं तिच्या हातात पाट्या दिल्या असतील. हेही खरं असू शकतं. तरी त्या जोडीत गुंडाळी त्याच्याकडं आणि पाट्या तिच्याकडं आहेत, उलटं नाही, हे माझ्या मनातून जात नाही. गुंडाळी मिरवायची असते. पाट्या रोज संध्याकाळी उघडाव्या लागतात.

हातात लेखन घेतलेली बाई म्हटलं की आपल्याला आधी सरस्वती आठवते. मथुरेच्या कंकाली टीला इथं सापडलेली जैन सरस्वतीची मूर्ती लखनौच्या संग्रहालयात आहे. लेख कोरलेली सगळ्यात जुनी सरस्वती म्हणून ती ओळखली जाते, दुसऱ्या शतकातली म्हणतात, म्हणजे पॉम्पेई गाडलं गेल्यावर फार काळानं नव्हे. धातुकाम करणाऱ्या एका श्रावकानं ती दान दिली असं खाली कोरलंय. डाव्या हातात पोथी आहे. डोकं मात्र तुटलंय. तिथं नाव आहे, चेहरा नाही. इथं चेहरा आहे, नाव नाही.

आता आईचा फोटो.

आईचा लग्नानंतरचा एकच फोटो आहे, १९५७ चा, स्टुडिओतला. अण्णा खुर्चीत बसलेत, टोपी, कोट. आई शेजारी उभी, डोक्यावरून पदर, आणि हातात पुस्तक. जाडजूड, पुठ्ठ्याचं. बोट पानांत घातलेलं, जणू वाचता वाचता उठून आली आहे. आई शिकली चौथीपर्यंत. ते पुस्तक स्टुडिओचं होतं. मागचा पडदा, फुलदाणी आणि पुस्तक हे सगळं सामान स्टुडिओच्या मालकीचं. त्या दिवशी तिथं फोटो काढून घेतलेल्या प्रत्येक नव्या नवरीच्या हातात तेच पुस्तक गेलं असणार. आई हसत सांगायची, “कसलं पुस्तक होतं कुणास ठाऊक, उघडूनबी दिलं न्हाई त्यानं.”

गेल्या वर्षी माझ्या भाच्यानं घराण्यातले सगळे जुने फोटो गोळा करून त्यांचं पुस्तक करायचं ठरवलं. प्रत्येक फोटोखाली दोन ओळी. त्यानं मला फोन करून विचारलं, “आत्या, आजीला वाचनाची खूप आवड होती ना? फोटोत पुस्तक आहे, म्हणून तसं लिहितो.”

पॉम्पेईच्या बाईची साफो कशी झाली ते मला त्या क्षणी कळलं.

आई वाचायची, नाही असं नाही. दुपारी जिनवाणी वाचायची, एकेक अक्षर लावत. पण ती लिहायची जास्त. हिशेब लिहायची. अण्णा दिवसभर दुसऱ्याच्या पेढीवर रोजकीर्द लिहून यायचे, घरी त्यांना आकडा नको असायचा. घराचा हिशेब आईकडं. रात्री सगळी झाकपाक झाली की कंदिलाजवळ, पुढं दिव्याखाली, मांडी घालून ती वही उघडायची. १९५८ ते २००६, एकतीस वह्या. पेढीवरच्या चोपड्यांचं दिवाळीला पूजन व्हायचं, हळदीकुंकू, फुलं, नव्या पानावर ‘श्री’. आईच्या वहीला कधी कुणी फूल वाहिलं नाही. ती पाडव्यानंतर बाजारातून शंभर पानी वही आणायची आणि पहिल्या ओळीत त्याच वहीची किंमत लिहायची.

आणि काय काय आहे त्या वह्यांत! ज्वारी, शेंगतेल, रॉकेल, दळण. मंदिरात अभिषेकाला १ रुपया. मुनीमहाराजांचा चातुर्मास गावात असला की आहारदानाचा खर्च वेगळा, त्याच्याखाली रेघ. चिंध्या देऊन बोहारणीकडून घेतलेलं पातेलं, तेही जमेच्या बाजूला. दादाच्या मौजेचे पैसे, म्हणजे सर्कसचं तिकीट. सगळं पैशापैशापर्यंत. खाडाखोड नाही. चुकलं तर पुढच्या ओळीत ‘कालचे जास्त लिहिले ते वजा’. कॉलेजात सरांनी आम्हाला हेच शिकवलं, पुसायचं नाही, उलट नोंद करायची. आईला ते कुणी शिकवलं?

आई २००९ मध्ये गेली. वह्या माझ्याकडं आल्या, कारण दुसरं कुणी घेईना. बरीच वर्षं मी त्या नुसत्या जपल्या. मग एका चातुर्मासात रोज दुपारी थोडी थोडी करत वाचायला घेतल्या, आणि १९७६ च्या वहीत मला एक गोष्ट खटकली. जुलैपासून दर महिन्याला एक नोंद, ‘किरकोळ ७’. बस. कशाचे किरकोळ ते नाही. जी बाई सुईदोऱ्याचे पाच पैसे सुईदोरा म्हणून लिहिते ती दर महिन्याला सात रुपये नुसते किरकोळ लिहिते? ऑडिटर वही उघडल्यावर आधी किरकोळच बघतो, हे मला माहीत होतं. मी महिने मोजले. चोवीस. १९७८ च्या जूनमध्ये ते थांबलं आणि जमेला आलं, ‘शेजारच्या वहिनींकडून परत १६८’. त्याखाली खर्चाला, ‘मुलीची फी व पुस्तके १६८’.

ती मुलगी मी. दहावी झाली १९७६ ला, बारावी १९७८ ला. पुढं कॉलेज नको, असं अण्णांनी दहावीलाच सांगून टाकलं होतं. वाईट माणूस नव्हते ते. तीन बहिणींची लग्नं त्यांनी केली होती आणि पुढं माझं दिसत होतं, एवढंच. बारावीनंतर मामांनी फी भरली असं घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही तेच माहीत होतं. मामांना मी पेढे नेऊन दिले होते, नमस्कार केला होता. मामांनी घेतला नमस्कार, काही बोलले नाहीत. आईनं त्यांना काय सांगून ठेवलं होतं कुणास ठाऊक.

आईनं खोटं लिहिलं का? हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला, कारण ती अणुव्रतं पाळणारी बाई होती आणि ‘असत्य बोलू नये’ हे आम्हाला तिनंच शिकवलं. माझं मत असं झालं की नाही. सात रुपये घरातून गेले, ते तिनं लिहिले. कुठं गेले ते लिहिलं नाही. आणि परत आले तेव्हा तेही लिहिले, जमेचं पान उघडं ठेवलं. अण्णांनी एकदा जरी वही मागून बघितली असती तरी त्यांना सगळं दिसलं असतं. चाळीस वर्षं आकडे लिहिणाऱ्या माणसाला किरकोळ शब्दामागं काय असतं ते कळायला मिनिट लागलं नसतं. त्यांनी मागितली नाही. की कधीतरी बघितली होती आणि गप्प राहिले? कधीकधी मला तसंही वाटतं.

फ्रीजवरच्या बाईकडं मी आता बघते ती या सगळ्यासकट. ती कवयित्री होती की हिशेबनीस, का नुसती पाट्या हातात घेऊन उभी केलेली श्रीमंत घरची सून, हे त्या चित्रातून कळणार नाही. पाट्यांवरचं चित्रकारानं आपल्याला दाखवलेलंच नाही, त्या मिटलेल्या आहेत. पण जे लोक म्हणतात की ‘ही नुसतीच हिशेब लिहिणारी निघाली’, त्यांच्या त्या ‘नुसतीच’ला माझी हरकत आहे. कवितेत मनातलं लिहायचं असतं असं सगळ्यांना माहीत असतं, म्हणून लोक ती उघडून बघतात. हिशेबाची वही कुणी उघडत नाही. ज्या बाईला काही जपून ठेवायचं आहे तिला याहून चांगली जागा कुठली?

भाच्याला मी सांगितलं, पुस्तक स्टुडिओचं आहे, वाचनाची आवड वगैरे लिहू नकोस. खाली लिही, ‘घराच्या हिशेबाच्या एकतीस वह्या लिहिल्या’. आणि शेजारच्या पानावर जून १९७८ चं पान छाप. त्याला ते फार आवडलं. त्यानं पानाचा फोटोही काढून नेला.

दादाला आवडलं नाही. तो म्हणाला, “अण्णांनी तुला शिकवलं नाही, आईनं लपवून शिकवलं, हे पुतण्या-नातवंडांनी वाचायचं का? माणूस जाऊन तीस वर्षं झाली. त्यांची बाजू सांगायला कोण आहे?” त्याचं अगदीच चूक आहे असं मला म्हणता येत नाही. अण्णांनी नंतर, मी बी.कॉम. झाले तेव्हा, पेढीवर सगळ्यांना पेढे वाटले होते, तेही आईच्या वहीत आहे: ‘पेढे, यांनी नेले, १४’. मी म्हटलं, तेही पान छापू. दादा म्हणाला, मग घराच्या सगळ्या वह्याच छाप.

फोटोचं पुस्तक अजून छापायला गेलेलं नाही. एक पान मोकळं आहे. वहिनी माझ्या बाजूनं आहे, भाचा मध्ये अडकलाय, आणि पर्युषण झाल्यावर बसून बोलू असं ठरलंय.